एक टीप कायद्याची, एक टीप शिवणीची

टेबलावर दोन झगे ठेवले आहेत अशी कल्पना करा. दोन्ही चेटकिणीचे, दोन्ही काळे, दोन्ही पॉलिएस्टरचे. दोन्ही ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठी शिवलेले आणि एकाच कंटेनरमधून अमेरिकेच्या बंदरात उतरलेले. पिशवीवरचं चित्र तेच, नावही तेच. तरी एकावर मूळ सीमाशुल्क शून्य आणि दुसऱ्यावर १६ टक्के.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कारकुनाची काहीतरी चूक झाली असणार. चूक नाही. झगे उलटे करून आतून बघा.

पहिल्याचा गळा कात्रीने कापला तसाच सोडलाय. काठ दुमडलेला नाही, बोट फिरवलं की दोरे हातात येतात. खालचा घेर दातेरी कापलाय, त्यामुळे तिथेही दुमड नाही. मागे मानेशी वेल्क्रोचा इंचभर तुकडा आहे आणि बाह्या एकाच टिपेत जोडून टाकल्यात. दुसऱ्याच्या गळ्याला आतून पट्टी आहे, पाठीला चेन आहे, छातीशी टक्स घेऊन तो अंगाबरोबर बसवलाय, वरच्या भागाला अस्तर आहे आणि घेर दोनदा दुमडून शिवलाय. पहिला एका रात्रीपुरता आहे. दुसरा धुऊन, घडी करून कपाटात ठेवता येईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालता येईल.

अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या लेखी पहिला ‘सणासुदीची वस्तू’ आहे. दुसरा कपडा आहे.

मराठीत टीप हा शब्द शिंप्याचाही आहे आणि कायद्याचाही. मशिनवर मारतात ती टीप, आणि कायद्याच्या मजकुराला जोडलेली असते तीही टीप. आयात पोशाखांचं वर्गीकरण करताना दोन्ही वाचाव्या लागतात. कायद्याची टीप वाचून निघालेला माणूस शेवटी शिवणीच्या टिपेपाशीच येऊन थांबतो.

आधी कायद्याकडून येऊ. जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. तो ज्या यादीतून येतो तिला हार्मोनाइज्ड सिस्टीम म्हणतात. ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ही यादी सांभाळते. तिचा करार १९८३ साली झाला आणि १ जानेवारी १९८८पासून ती लागू झाली. यादीत २१ विभाग आणि ९७ प्रकरणं आहेत, त्यातलं ७७वं प्रकरण पुढच्या काळासाठी रिकामं ठेवलंय. पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंक झाले की शीर्षक, सहा झाले की उपशीर्षक. इथपर्यंतचे आकडे ही यादी वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखेच. पुढचे अंक ज्याने त्याने आपल्या सोयीने जोडायचे. अमेरिकेत एकूण दहा अंक असतात. त्यातल्या सातव्या-आठव्या अंकावर शुल्काचा दर ठरतो आणि शेवटचे दोन आकडेवारीसाठी असतात.

वस्तू कोणत्या शीर्षकात बसते हे ठरवायला सहा सर्वसाधारण नियम आहेत. पहिलाच नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. तो सांगतो की प्रकरणांची आणि विभागांची नावं फक्त शोधायच्या सोयीसाठी आहेत. निर्णय करायचा तो शीर्षकांच्या शब्दांवरून आणि विभागांना व प्रकरणांना जोडलेल्या टिपांवरून. ‘खेळणी’ नावाचं प्रकरण आहे म्हणून खेळण्यासारखं दिसणारं सगळं त्यात जात नाही. आणि बाहेर जायला सांगणारी टीप असली, तर शीर्षक कितीही जवळचं वाटलं तरी वस्तू बाहेरच जाते.

पोशाखाचे मुख्य दावेदार दोन. एक, प्रकरण ९५मधलं शीर्षक ९५०५, म्हणजे सण, कार्निव्हल आणि करमणुकीच्या वस्तू. ख्रिसमसची सजावट, जादूचे खेळ, कागदी टोप्या, मुखवटे हे सगळं इथे येतं. दुसरा दावेदार कपड्यांचा: विणलेले म्हणजे होजिअरीचे कपडे प्रकरण ६१मध्ये आणि मागावरच्या कापडाचे ६२मध्ये. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, शर्टाचं ताणलं जात नाही, तोच हा फरक. अमेरिकेत ९५०५मधल्या पोशाखाच्या उपशीर्षकावर मूळ शुल्क शून्य आहे. प्रकरण ६१ आणि ६२मध्ये कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर १५, १६, २८, अगदी ३२ टक्क्यांपर्यंत दर आहेत. भांडण का होतं, हे या आकड्यांवरूनच कळतं. (चीनसारख्या देशांच्या मालावर गेल्या काही वर्षांत चढलेली जादा शुल्कं वेगळी. ती या मूळ दरावर बसतात. इथे फक्त मूळ दराचं बोलतोय.)

आता ती टीप. प्रकरण ९५च्या पहिल्याच टिपेत या प्रकरणात काय येत नाही याची यादी आहे, आणि तिच्यात ‘प्रकरण ६१ किंवा ६२मधला कापडी फॅन्सी ड्रेस’ बाहेर काढलाय. यादीसोबतच्या अधिकृत स्पष्टीकरणातही तेच आहे: मुखवटे, खोटे कान-नाक, विग, दाढ्या-मिश्या, कागदी टोप्या ९५०५मध्ये, पण कापडी फॅन्सी ड्रेस नाही. एवढं वाचून कुणीही म्हणेल की विषय संपला, सगळे कापडी पोशाख कपड्यांत. अमेरिकेत मात्र विषय इथूनच सुरू झाला.

टिपेचे शब्द पुन्हा नीट वाचा. कापडी फॅन्सी ड्रेस ‘प्रकरण ६१ किंवा ६२मधला’ असेल तर बाहेर. मग जो पोशाख मुळात कपडा म्हणण्याच्या लायकीचाच नाही, तो ६१ किंवा ६२मधला कसा? अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने असाच अर्थ लावला. तकलादू, न टिकणारे आणि नेहमीचा कपडा म्हणून कुणी ओळखणार नाही असे पोशाख त्याने ९५०५मध्ये घातले आणि नीट शिवलेले पोशाख कपड्यांत ठेवले. ‘तकलादू’ हा या साऱ्या प्रकरणातला कळीचा शब्द. मला तो मराठीतच जास्त नेमका वाटतो, कारण त्यात फक्त पातळपणा नाही, भरवसा नसणंही आहे.

या अर्थाला आव्हान दिलं रुबीज कॉस्च्युम या न्यूयॉर्कच्या कंपनीने. ती अमेरिकेत पोशाख बनवत होती आणि बाहेरून बिनशुल्क येणारे पोशाख तिच्या धंद्याच्या मुळावर येत होते. देशातल्या उत्पादकाला दुसऱ्याच्या आयातीच्या वर्गीकरणावर हरकत घ्यायची मुभा अमेरिकी कायद्यात आहे. तिने ती वापरली: हे सगळे कपडे आहेत, यांच्यावर शुल्क लावा. अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २००२ साली तिची बाजू उचलून धरली. पण २००३ साली फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाने सीमाशुल्क खात्याचा अर्थ मान्य केला: तकलादू बांधणीचे, टिकाऊ नसलेले आणि सर्वसाधारणपणे नेहमीचे कपडे मानले न जाणारे कापडी पोशाख सणाच्या वस्तूंत जातात. तेव्हापासून अमेरिकेतली कसोटी तीच आहे.

या निकालाचं एक बरं आहे. तो वापराकडे आणि वस्तूकडे बघतो, नावाकडे नाही. पण त्याची एक अडचणही आहे: तकलादू म्हणजे किती तकलादू? हे एका रेषेने ठरत नाही. खात्याने म्हणून आयातदारांसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात पोशाख चार बाजूंनी पाहायला सांगितलाय: ढब, बांधणी, काठ-दुमड आणि सजावट. व्यवहारात हे असं होतं. गळा, बाह्या आणि घेर यांचे काठ कच्चे सोडलेत की दुमडून किंवा पट्टी लावून पक्के केलेत? बंद करायला वेल्क्रोचा तुकडा किंवा बांधायची नाडी आहे, की चेन आणि काज-बटणं? टक्स, चुन्या, कळ्या घालून अंगाला बसवलाय, की पुढचा-मागचा असे दोन तुकडे एकाला एक जोडलेत? लेस आणि टिकल्या शिवल्यात की चिकटवल्यात? अस्तर आहे का? यातली एखादी गोष्ट एकटी निर्णय करत नाही. कच्च्या काठाच्या झग्याला एक चेन असली म्हणून तो लगेच कपडा होत नाही. सगळं मिळून काय चित्र उभं राहतं ते बघतात.

त्यामुळे पोशाखाच्या धंद्यात नमुना तयार करणाऱ्या माणसाच्या हातात शुल्काचा दर असतो, बहुतेकदा त्याच्या नकळत. ‘गळ्याला पट्टी लावूया, बरं दिसेल’ एवढं म्हणून त्याने पट्टी, अस्तर आणि चेन वाढवली की शून्याचे १६ टक्के होऊ शकतात. शुल्क लक्षात घेऊन वस्तूची रचना ठरवणं अमेरिकेत बेकायदा नाही. बंदरावर वस्तू जशी आहे तशी खरी असली पाहिजे, इतकंच. म्हणून वर्गीकरणाचा विचार माल जहाजावर चढल्यावर करून उपयोग नाही. तो कापड कापायच्या आधी करायचा.

पहिल्या निकालानंतर सोळा वर्षांनी रुबीज कंपनी पुन्हा त्याच अपील न्यायालयात आली. आता ती आयातदार होती, आणि माल होता सांताक्लॉजचा नऊ नगांचा भारी पोशाख: जाकीट, पँट, हातमोजे, खेळण्यांची पोतडी, टोपी, दाढी, विग, पट्टा आणि बुटांवर चढवायची आवरणं. या वेळी तिचं म्हणणं होतं की हा सणाचा पोशाख आहे, शुल्क नको. सांताक्लॉजपेक्षा जास्त सणाचं दुसरं काय असणार? पण न्यायालयाने सांता बाजूला ठेवला आणि जाकीट हातात घेतलं. चेन आहे, आतून अस्तर आहे, काठ पक्के आहेत, कापड जाड आहे आणि आत ‘फक्त ड्रायक्लीन’ असं लेबल आहे. जो पोशाख पुन्हा पुन्हा स्वच्छ करून घालायचा आहे, तो तकलादू कसा? २०१९ साली निकाल लागला. जाकिटावर ३२ टक्के, पँटवर २८.२, हातमोज्यांवर १८.६ आणि पोतडीवर १७.६. कंपनी दोन्ही वेळा हरली, पण दोन्ही निकालांत कसोटी एकच राहिली.

रुपयांत नको, डॉलरमध्येच बघू. समजा एका खेपेत १०,००० डॉलरची अशी जाकिटं आणि ६,००० डॉलरच्या पँटी आहेत. जाकिटांवर ३,२०० आणि पँटींवर १,६९२, मिळून ४,८९२ डॉलर. तकलादू ठरले असते तर शून्य. छोट्या आयातदाराचा सगळा नफा या एका प्रश्नात जातो.

सांताच्या खटल्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती सेटची. एका पिशवीत विकायला ठेवलेल्या वस्तूंना तिसऱ्या नियमाखाली एकच क्रमांक मिळू शकतो: सेटचं मुख्य स्वरूप कोणत्या वस्तूमुळे आहे ते बघायचं आणि सगळा सेट तिच्या शीर्षकात टाकायचा. बहुतेक लोक इथेच फसतात. कारण कापड आणि कपड्यांच्या विभागाची चौदावी टीप सांगते की वेगवेगळ्या शीर्षकांतले कपडे एका सेटमध्ये विकले तरी प्रत्येकाने आपापल्या शीर्षकात जायचं. जाकीट आणि पँट एका पिशवीत असूनही त्यांचे दर म्हणूनच वेगवेगळे. वर्गीकरण करताना मी सांगेन की आधी सगळे नग वेगळे मांडा, प्रत्येकाचा क्रमांक काढा, आणि मगच सेट होतो का ते विचारा. उलट दिशेने गेलात तर चुकण्याची खात्री.

बाकीच्या नगांचं थोडक्यात. प्लास्टिकची तलवार किंवा जादूची कांडी बहुधा खेळण्यांत, ९५०३मध्ये. मुखवटा ९५०५मध्ये. करमणुकीचा स्वस्त विग बहुधा ९५०५मध्ये, पण खरोखर केसांच्या जागी घालायचा विग ६७०४मध्ये. बूट असतील तर प्रकरण ६४. खेळण्यांच्या प्रकरणातही शब्दांवरून मोठ्या लढाया झाल्यात. बाहुलीवर १२ टक्के आणि इतर खेळण्यावर ६.८ टक्के शुल्क होतं त्या काळात, टॉय बिझ कंपनीच्या एक्स-मेन या कॉमिक्समधल्या पात्रांच्या पुतळ्यांच्या खटल्यात २००३ साली व्यापार न्यायालयाला हे ठरवावं लागलं की ते माणसाचे पुतळे आहेत की माणूस नसलेल्या प्राण्यांचे. माणूस नाहीत, म्हणून बाहुल्या नाहीत, असा निकाल लागला.

पोशाख कपडा ठरला की काम संपत नाही, तिथून बारीक काम सुरू होतं. कापड होजिअरीचं की मागावरचं? धागा कोणता? वजनाने कोणता जास्त? झगा की जाकीट की पँट? मुलाचा की मुलीचा? या शेवटच्या प्रश्नावर टिपेत दिलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण ते पूर्णपणे डोळ्यांनी तपासता येतं. कपडा समोरून बंद होत असेल आणि डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषांचा किंवा मुलांचा. उजवी डावीवर आली तर बायकांचा किंवा मुलींचा. कपड्याच्या शिवणीवरून तो स्पष्टपणे दुसऱ्यासाठी आहे असं दिसत असेल तर हा नियम लागू होत नाही. आणि काहीच ओळखू आलं नाही, तर तो बायकांच्या-मुलींच्या शीर्षकात. समुद्री चाच्याचा अंगरखा कोणत्या बाजूने मिटतो, यावर त्याचे अंक बदलतात. तान्ह्या मुलांचे कपडे वेगळ्या शीर्षकांत जातात, आणि तिथे वय विचारत नाहीत, उंची विचारतात: ८६ सेंटीमीटरपर्यंत.

मग सणाचं चित्र असलेला साधा स्वेटर? त्यावर भोपळा विणलाय, तो हॅलोवीनलाच घालतात. असे स्वेटर सणाच्या वस्तू आहेत का, हा वाद मायकेल सायमन डिझाइन या कंपनीने अपील न्यायालयापर्यंत नेला आणि २००७ साली जिंकलाही. पण ते स्वेटर आधीच्या नियमांखाली आलेले होते. त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या टिपेने उपयोगाच्या वस्तू, म्हणजे कपडे, चादरी, टेबलक्लॉथ, भांडी, प्रकरण ९५मधून बाहेर काढल्या. त्यांच्यावर सणाचं चित्र असलं तरी त्या आपापल्या साहित्यानुसार जातात. स्वेटर थंडी घालवतो, म्हणून तो स्वेटर.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सीमाशुल्कात झगा ‘सणाची वस्तू’ ठरला म्हणजे तो कपडा नाही असं सगळ्या कायद्यांना वाटत नाही. पेट घेण्याच्या नियमांसाठी अमेरिकेत पोशाख हा अंगावर घालायचा कपडाच मानतात, आणि कापड ज्वालाग्राहीपणाच्या निकषात बसावंच लागतं. पातळ, सैल, दोरे सुटलेला झगा हॅलोवीनच्या रात्री मेणबत्ती ठेवलेल्या भोपळ्याशेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाच्या अंगावर असतो. शुल्क वाचवायला शिवण हलकी ठेवा, पण कापडात काटकसर करू नका. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

दुसऱ्या देशांत काय? सहा अंक तेच आणि टीपही तीच. पण अमेरिकेतली तकलादूपणाची कसोटी अमेरिकी न्यायालयांनी लावलेला अर्थ आहे. दुसरा देश तो अर्थ मानेलच असं नाही. तिथे तोच कच्च्या काठाचा झगा सरळ कपड्यांत जाऊ शकतो. एका देशात वापरलेला क्रमांक दुसऱ्या देशाच्या कागदांवर जसाच्या तसा उतरवणं ही फार सामान्य चूक आहे.

अमेरिकेत क्रमांक लिहिण्याची जबाबदारी आयातदाराची असते, कारखान्याची नाही. कारखान्याने बिलावर छापलेला क्रमांक म्हणजे फक्त सूचना. आयातदाराने ‘वाजवी काळजी’ घेतली पाहिजे, असं कायदा म्हणतो. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर बुडालेल्या शुल्काच्या दुपटीपर्यंत दंड, घोर निष्काळजीपणा असेल तर चौपटीपर्यंत, आणि जाणूनबुजून फसवलं तर मालाच्या देशातल्या किमतीइतका. खात्याची चौकशी सुरू व्हायच्या आधी स्वतःहून चूक कळवली आणि त्यात फसवणूक नसेल, तर बुडालेल्या शुल्काबरोबर व्याज भरून सुटता येतं. खात्याचा हिशेब पक्का झाल्यावर तो पटला नाही, तर १८० दिवसांत लेखी हरकत घेता येते, आणि तीही फेटाळली तर व्यापार न्यायालय आहेच.

पूर्वी परदेशातून एक-दोन पोशाख मागवणाऱ्याला यातलं काही माहीत असायची गरज नव्हती. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनशुल्क सुटायचं. २९ ऑगस्ट २०२५पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी थांबवली गेली. तेव्हापासून हौसेने एखादं पात्र साकारणाऱ्याच्या एकट्या झग्यालाही क्रमांक लागतो.

शंका असेल तर अंदाज करू नका, विचारा. माल यायच्या आधी खात्याकडे बंधनकारक निर्णय मागता येतो, आणि त्याला फी नसते. तसे जुने निर्णय खात्याच्या वेबसाइटवर खुले आहेत आणि पोशाखांचे शेकडो आहेत. आपल्यासारखा पोशाख शोधून तो का त्या शीर्षकात गेला ते वाचणं हे या विषयातलं सगळ्यात चांगलं शिक्षण. अर्जात ‘चेटकिणीचा पोशाख, पॉलिएस्टर’ इतकंच लिहिलं तर उलट प्रश्नच येतील. कापड विणलेलं की मागावरचं, प्रत्येक धाग्याचं प्रमाण, गळ्याचा, बाहीचा आणि घेराचा काठ कसा संपवलाय, बंद कशाने होतो, अस्तर कुठवर आहे, पिशवीत आणखी काय आहे, हे सगळं लिहा. फोटो काढताना झगा समोरून लटकवून काढता तसाच एक उलटा करून, आतल्या टिपा दिसतील असा काढा. नमुना पाठवत असाल तर त्याचं लेबल कापू नका, धुण्याची सूचना त्यावरच असते.